मोर्शी रोडवरचं पंप-नोझलचं दुकान आणि आमची १९६८ची टाटा मर्सिडीज

दुकानाला नाव नाही. पत्र्यावर हिरव्या ऑइलपेंटने 'पंप, नोझल, कॅलिब्रेशन' एवढंच लिहिलंय, खाली मोबाइल नंबर, त्यातले शेवटचे दोन आकडे पावसाने गेलेले. वरुडहून मोर्शीकडे निघालं की एक टायरवाला लागतो, पुढे एक वेल्डिंगवाला, आणि त्या दोघांच्या मधल्या गाळ्यात हे. मे महिन्यात मी तिथे आमच्या ट्रकचा डिझेल पंप, म्हणजे इंजिनला मोजून डिझेल देणारा पंप, घेऊन गेले होते. काम होऊन चार महिने झाले, त्यानंतर गाडी वीसेक वेळा तरी चालू करून पाहिली, आणि मगच लिहायला बसले. घरी जुनी डिझेल गाडी उभी असेल आणि चार मिस्त्र्यांनी 'इंजिन गेलं' म्हणून सांगितलं असेल, तर हे जरूर वाचा.

आधी गाडीचं सांगते, त्याशिवाय दुकानाची किंमत कळणार नाही.

टाटा मर्सिडीज १२१०, लांब नाकाची. माझ्या आबाजींनी १९६८च्या दिवाळीत घेतली. त्याच ऑक्टोबरात मोझरीला तुकडोजी महाराजांचं निधन झालं होतं, म्हणून केबिनच्या कपाळावर 'जय गुरुदेव' लिहून घेतलं. ते अजून वाचता येतं. टेल्को (आताची टाटा मोटर्स) आणि मर्सिडीजवाल्या डेमलर-बेंझचा करार १९५४ साली झाला आणि १९६९ला संपला, म्हणजे आमची गाडी अगदी शेवटच्या काळातली. तिच्या जाळीवर तीन टोकांचा तारा होता, नंतरच्या गाड्यांवर टाटांचा 'टी' आला. चोरीला जाईल म्हणून बाबांनी तो तारा काढून ज्वारीच्या कोठीत ठेवलाय. चेसिस आणि तोंड कंपनीचं, पण केबिन आणि हौदा आपल्याकडचा, परतवाड्याच्या डेपोतल्या सागवानाचा. आंबिया बहाराला तणसाचा थर देऊन सुटा संत्रा नागपूरला जायचा, तो संपला की कापूस जिनिंगला. बाबांनी ती २३ वर्षं चालवली. १९९८मध्ये ती बंद झाली आणि गोठ्याशेजारी कडुनिंबाखाली उभी राहिली.

२००६ला बाबांनी तिला पुन्हा उभी करायचं मनावर घेतलं. संत्र्याला भाव आला त्या वर्षी काम पुढे सरकायचं, नाही आला त्या वर्षी थांबायचं. फळ्या बदलल्या, केबिनचं सडलेलं बुड नवं केलं, वायरिंग ओढलं, टायर मिळवले. आठ वर्षं गेली. शेवटी इंजिन राहिलं. त्याचा पंप एका मोठ्या गावच्या गॅरेजातून करून आणला आणि मार्च २०१४मध्ये एका सकाळी गाडी चालू केली.

ती सकाळ आमच्या घरात कोणीच विसरलेलं नाही. हीटर दिला, स्टार्टर मारला, दुसऱ्या झटक्यात इंजिन लागलं. आईने नारळ फोडला. दहा मिनिटं छान चाललं आणि मग आवाज चढायला लागला. बाबांचा पाय अॅक्सिलेटरवर नव्हता. आवाज चढतच गेला, मडगार्ड थरथरायला लागले, निंबावरचे कावळे उडाले. बाबांनी स्टॉपची वायर ओढली तर ती तुटून हातात आली. माझा भाऊ स्वयंपाकघरात धावला, जेवायचा पाट घेऊन आला आणि एअर क्लीनर काढलेलाच होता त्या उघड्या तोंडावर त्याने तो दाबून धरला. हवा बंद झाली तेव्हा इंजिन मेलं. त्या पाटावर आजही गोल खूण आहे. आई त्यावर कोणाला बसू देत नाही.

त्यानंतर जो आला त्याने एकच सांगितलं: पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन स्वतःचंच ऑइल खाऊन पळालं. असं होतं हे खरं आहे, झिजलेल्या डिझेल इंजिनात सिलिंडरमध्ये ऑइल चढतं आणि पंप बंद केला तरी ते ऑइलवर पळत राहतं. त्यामुळे बाबांनाही पटलं. सल्ला मिळाला की गाडीतलं मूळचं ३१२ इंजिन काढा, टाटांचं ६९७ बसवा. ३१२ म्हणजे ९० मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास), १२० स्ट्रोक (पिस्टनची धाव), ४.६ लिटर. ६९७चं नावच सांगतं, सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटर बोअर. ते ५.७ लिटरचं, दमदार आहे आणि त्याचा माल कुठेही मिळतो. पण बाबांना आबाजींची गाडी उभी करायची होती, दुसऱ्याचं इंजिन घातलेली नाही. ते 'नाई' म्हणाले आणि गाडीवर ताडपत्री टाकली. मग त्यांचे गुडघे गेले. दहा वर्षं ती ताडपत्री कोणी काढली नाही, फक्त फाटली की नवी टाकायची.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, सासर वरुडलाच, माहेर तिथून अर्ध्या तासावर. गाडीचं मला काय कळतं असं कोणीही म्हणेल, पण त्या आठ वर्षांत नट-बोल्ट घासलेटात धुवायचं काम माझं होतं आणि बाबा प्रत्येक वस्तूचं नाव सांगून हातात द्यायचे. यंदाच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ताडपत्री मी काढली. ठरवलं की इंजिन उघडायच्या आधी निदान पंप तरी कोणाला तरी नीट दाखवायचा. शेजारच्या ट्रॅक्टरवाल्या दादाला सोबत घेतलं, पंपाच्या फ्लँजवर आणि इंजिनवर छिन्नीने एकच खूण केली, म्हणजे टायमिंग चुकणार नाही. पाइपांची तोंडं प्लास्टिकने बांधली आणि पंप पोत्यात गुंडाळून दुकानात नेला.

दुकानात एक म्हातारे मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात, आणि हाताखाली एक पोरगा. मी पोतं ठेवलं आणि चाचांनी पहिलं विचारलं, "खोलून आनला का जसाच्या तसा?" जसाच्या तसा, म्हटलं. "मंग बरं. खोललेल्याचं मले काई सांगता येत नाई."

मग त्यांनी काय झालं होतं ते विचारलं. मी सगळं सांगितलं, पाटासकट. त्यांनी मधे तोडलं नाही. संपल्यावर एकच प्रश्न केला: "धूर कोनता होता बाई, निळा का काळा?"

दहा वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. मला आठवेना. तिथूनच बाबांना फोन लावला. बाबा क्षणभर थांबले आणि म्हणाले, "काळा. सारा काळा. निंब दिसत नोव्हता." चाचांनी मान हलवली. ऑइलचा धूर निळा-पांढरा असतो. काळा धूर म्हणजे इंजिन डिझेल खात होतं, आणि डिझेल देणारा पंप समोर टेबलावर होता.

मग त्यांनी जे केलं ते मी अगदी जवळून पाहिलं. या ३१२च्या पंपाच्या मागे व्हॅक्यूमचा गव्हर्नर असतो, म्हणजे डिझेल कमी-जास्त करून इंजिनचा वेग सांभाळणारा भाग. अॅक्सिलेटर पंपाला जोडलेला नसतोच, तो इंजिनच्या हवेच्या तोंडातली पाकळी फिरवतो. पाकळी मिटलेली असली की तिथे ओढ तयार होते, ती ओढ एका नळीतून गव्हर्नरच्या डब्यात येते आणि तिथल्या चामड्याच्या पडद्याला खेचून धरते. पडद्याला पंपाची दांडी जोडलेली, म्हणजे डिझेल कमी. ओढ गेली की स्प्रिंग त्या दांडीला पूर्ण डिझेलकडे ढकलते. सगळं त्या एका पडद्यावर आहे.

चाचांनी पंपाचा लिव्हर स्टॉपकडे दाबून धरला, नळीच्या तोंडावर अंगठा घट्ट ठेवला आणि लिव्हर सोडला. पडदा शाबूत असेल तर लिव्हर किंचित मागे येऊन तिथेच अडतो, कारण आत हवा शिरायला जागा नसते. आमचा लिव्हर टक् करून पार मागे गेला. त्यांनी पुन्हा करून दाखवलं. मग म्हणाले, "तुमी ठेवा अंगठा." मी ठेवला. माझ्या अंगठ्याला काहीच ओढ लागली नाही, लिव्हर टक् करून गेला.

डबा उघडला. आत चामडं नव्हतंच. गाडीच्या ट्यूबचं रबर गोल कापून बसवलं होतं, त्यावर ट्यूबच्या छापाची दोन उठावाची अक्षरंही दिसत होती. मधल्या बोल्टाजवळ बोटभर लांब फाटलं होतं. २०१४च्या त्या गॅरेजने नवा पडदा म्हणून पैसे घेतले होते. त्या गॅरेजबद्दल मला याहून जास्त लिहायचं नाही, पण दहा वर्षं गाडी उभी राहिली ती या रबराच्या तुकड्यापायी.

मी पुन्हा बाबांना फोन केला. ऐकून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मंग दहा वर्स मी तिले काहाले उभी ठेवली?" मला उत्तर देता आलं नाही. चाचांनी फोन मागून घेतला आणि म्हणाले, "दादा, चूक तुमची नाई. इंजन न खोलता ठेवलं हे लय चांगलं केलं."

आता कामाबद्दल. पंप टेस्ट बेंचवर चढवला. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: मोटार पंपाला इंजिनसारखी फिरवते आणि सहा सिलिंडरांचं डिझेल सहा काचेच्या नळ्यांत पडतं. २०० स्ट्रोक झाले की बंद, मग नळ्यांवरचे आकडे वाचायचे. आमच्या पहिल्या फेरीत तीन नळ्यांत ९ च्या आसपास, एकीत ११, एकीत ८ आणि एकीत जेमतेम ७ सीसी आलं. प्रत्येक सिलिंडरला वेगळं डिझेल मिळत असेल तर इंजिन थरथरणारच. चाचांनी सहाही एलिमेंट, म्हणजे एकेका सिलिंडरला डिझेल दाबून पाठवणाऱ्या पंपातल्या दांड्या-नळ्यांच्या जोड्या, काढून मांडले. दोघांवर पाण्याने गंजाच्या बारीक रेघा होत्या, उन्हाकडे धरल्यावर मलाही दिसल्या. बाकी चार प्रेशर धरत होते. "सहाही टाकून देऊ शकतो, पैसे तुमचे लागतीन," म्हणाले. मी दोनच बदलायला सांगितले. त्यांनी तेवढेच बदलले, आणि शेवटच्या फेरीत सहाही नळ्या एका ओळीत आल्या. त्याचा फोटो काढून मी बाबांना पाठवला.

नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा सोडणारी टोकं, मात्र सहाही नवे घातले. जुना नोझल हाताच्या पंपावर लावून दाखवला, तर टोकाशी थेंब लटकत होता, आणि फवारा एका बाजूला जाड. नवा लावल्यावर बारीक धुकं सुटलं आणि कर्र-कर्र असा आवाज आला. मी नकळत बोट पुढे केलं तर चाचांनी माझं मनगट धरून बाजूला केलं. "हात नाई घालायचा बाई. सुईवानी आत घुसते ते डिझल, वरून दिसत बी नाई." हे खरं आहे. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत जातं आणि बोट कापायची वेळ येऊ शकते. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते हे सांगतात, माझ्यासमोर दोघांना सांगितलं.

चामड्याचा नवा पडदा त्यांच्याकडे नव्हता. चार दिवस वाट पाहून नागपूरहून मागवला. आल्यावर तो तसाच लावला नाही. आधी तेल चोळून रात्रभर ठेवला, बोटांत दुमडून मऊ झाला का पाहिलं आणि मग बसवला. ती अंगठ्याची परीक्षा पुन्हा घेतली, माझ्याकडूनच. या वेळी लिव्हर जरासा आला आणि थांबला, अंगठ्याला ओढ लागली. अंगठा उचलला तेव्हा फुस्स झालं आणि लिव्हर पार मागे गेला.

बिल ११,६०० रुपये झालं. मजुरी ४,५००, दोन एलिमेंट १,७००, सहा नोझल ३,०००, पडदा ६५०, बेअरिंग, सील आणि वायसर मिळून १,७५०. वहीच्या कागदावर एकेक ओळ लिहून दिली. काढलेला सगळा जुना माल एका पिशवीत बांधून परत दिला, ते ट्यूबचं रबरसुद्धा. तुलना म्हणून सांगते, इंजिन बदलायचा जो आकडा बाबांना सांगितला होता तो याच्या कितीतरी पट होता.

मला आणखी एक गोष्ट लिहायची आहे, कारण दुसऱ्या बायकांना तिचा उपयोग होईल. आतापर्यंत गाडीचं काही घेऊन कुठेही गेले की प्रश्न मी विचारते आणि उत्तर सोबतच्या पुरुषाला मिळतं. इथे ट्रॅक्टरवाला दादा माझ्या शेजारी उभा होता, तरी चाचा शेवटपर्यंत माझ्याशीच बोलले. काय बदलायचं, काय ठेवायचं हे मला विचारलं. दादाने एकदा माझ्यासाठी उत्तर दिलं तर म्हणाले, "बाईंले सांगू द्या." एवढ्यासाठीही मी त्या दुकानात पुन्हा जाईन.

आता जे बरं नाही तेही. आठ दिवस सांगितले होते, सतरा लागले. चार दिवस पडद्यात गेले, बाकीचे लाइटीत. टेस्ट बेंच थ्री फेजवर चालते आणि मे महिन्यात दुपारी लाइट गेली की चाचा सरळ घरी जातात. फोन उचलत नाहीत, पोरगा उचलतो आणि त्याला काही माहीत नसतं. मी तीन खेपा फुकट मारल्या, ४५ डिग्रीत. बसायला एक तेलकट स्टूल आहे आणि प्यायला पाणी शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडून. आणि पंप परत देताना डिझेल येणाऱ्या पाइपच्या बंजो बोल्टाचे (पाइप जोडायचा पोकळ बोल्ट) जुनेच तांब्याचे वायसर दिले. बसवल्यावर तिथून डिझेल झिरपायला लागलं. फोनवर चाचांनी उपाय सांगितला: वायसर गॅसवर लाल करा आणि पाण्यात टाका, तांबं मऊ होते. केलं, झिरपणं थांबलं. पण बिलात वायसरचे पैसे घेतले असताना हे दोन नवे द्यायला हवे होते, आणि तसं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. पुढच्या खेपेला त्यांनी न बोलता चार वायसर हातात ठेवले.

जून संपत आला होता, शाळा उघडायला तीन दिवस होते. मृगाचा पहिला पाऊस होऊन गेलेला. टाकी मी आधीच काढून धुतली होती, तळाशी डांबरासारखा गाळ निघाला. नवे फिल्टर, नव्या बॅटऱ्या आणि स्टॉपची नवी वायर, ती मी दहा वेळा ओढून पाहिली. हाताच्या पंपाने एअर काढली. बुडबुडे थांबून सलग डिझेल यायला पाऊण तास लागला. बाबांची बाज गाडीपासून वीस पावलांवर आणून ठेवली. भाऊ पुण्याहून व्हिडिओ कॉलवर होता. आईने तो पाट आणून बॉनेटवर ठेवला, तिला मी काही म्हटलं नाही.

डॅशवरची हीटरची तार लालभडक होईपर्यंत थांबले आणि स्टार्टर मारला. तिसऱ्या झटक्याला लागलं. पहिल्यांदा पांढरा धूर, मग तो निवळला. पाचवं मिनिट, दहावं मिनिट. दहाव्या मिनिटाला माझा हात स्टॉपच्या वायरवरच होता. आवाज जिथे होता तिथेच राहिला. मी अॅक्सिलेटर दिला, चढला. सोडला, खाली आला. बाबा डोळे मिटून ऐकत होते. १-५-३-६-२-४ हा सिलिंडरांचा क्रम त्यांनी मला लहानपणी पाढ्यासारखा पाठ करून घेतला होता, तोच ते बाजेच्या गातावर बोटाने वाजवत होते. मग म्हणाले, "एक बी मिस नाई." पंधरा मिनिटांनी मी वायर ओढली आणि इंजिन शांत बंद झालं. आईने पाट उचलून आत नेला.

गाडी रस्त्यावर कधी येईल असं लोक विचारतात. २०२१मध्ये केंद्राने ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेजचे नियम काढले, पण ते घरगुती वापराच्या दुचाकी-चारचाकींसाठी आहेत, मालवाहू ट्रक त्यात बसत नाही. तेव्हा सध्या ती आवारातून वावराच्या धुऱ्यापर्यंत जाते आणि येते. तेवढं पुरे आहे.

या दुकानात जाणाऱ्यांसाठी: सकाळी नऊच्या आत जा, तेव्हा लाइट असते आणि चाचाही असतात. पंप बाहेरून पुसून न्या, पण उघडू नका. काढण्याआधी खूण करा. वायसर मोजून घ्या. आणि बिघाड कसा झाला ते घरच्या म्हाताऱ्या माणसाला विचारून, धुराच्या रंगासकट, लिहून न्या. मी स्टीअरिंग बॉक्सचंही विचारून पाहिलं. चाचांनी हात जोडले, "ते आपलं काम नाई बाई, आपलं पंपाचं." वरुड, मोर्शी, काटोलच्या पट्ट्यात १२१०चा स्टीअरिंग बॉक्स नीट खोलणारा कोणी माहीत असेल तर कळवा. दिवाळीच्या सुट्टीत तो काढणार आहे.